फ्रेंचचा भूतकाळ : मराठीच्या वाटेनें

परकी भाषा शिकणारास शब्दांचें भय फारसें नसतें. शब्द पाठ करितां येतात. खरी परीक्षा होते ती क्रियापदापाशीं. काल काय केलें आणि आज काय करीत आहों, एवढें न अडखळतां सांगतां येऊं लागलें, म्हणजे भाषा जिभेवर बसूं लागली असें समजावें. फ्रेंच शिकणारीं आपलीं कित्येक मुलें नेमकीं येथेंच थबकतात, आणि हा विषय आपला नव्हे म्हणून तो सोडूनहि देतात. माझें म्हणणें असें कीं, ह्या दोषाचा मोठा वांटा फ्रेंचकडे नसून आपल्या शिकण्याच्या वाटेकडे आहे. आपण फ्रेंच शिकतों ती बहुधा इंग्रजीच्या द्वारें. आणि जेथें मराठी हात देण्यास उभी असते, तेथेंच तिला दाराबाहेर ठेवितों.

प्रथम वर्तमानकाळ घेऊं. 'मी खातों' आणि 'मी खात आहें' हे दोन प्रयोग इंग्रजींत काटेकोरपणें निराळे ठेवावे लागतात. फ्रेंचमध्यें 'झ मांझ' या एकाच रूपानें दोन्ही कामें भागतात. आपणहि हांक आली कीं 'येतों' एवढेंच म्हणतों. 'येत आहें' म्हटल्यावांचून कांहीं अडत नाहीं. आतां दहा वर्षें एकाच गांवीं राहिलेला आणि अजून तेथेंच असलेला मनुष्य घ्या. तो म्हणतो, 'झाबीत इसी दप्वी दिझाँ'. म्हणजे 'मी येथें दहा वर्षांपासून राहतों'. क्रियापद वर्तमानकाळींच. इंग्रजी येथें निराळा काळ मागते. मुलानें इंग्रजी आठवली तर वाक्य बिघडतें. मराठी आठवली तर आपोआप सुधारतें.

भूतकाळाचीं बोलण्यांतील मुख्य रूपें दोन. पुरी झालेली क्रिया सांगणारा तो 'पासे कोंपोझे', म्हणजे संयुक्त भूतकाळ. चालू असलेली किंवा नित्य घडणारी क्रिया सांगणारा तो 'अँपार्फे', म्हणजे अपूर्ण भूतकाळ. 'झे मांझे' म्हणजे मीं खाल्लें. 'झ मांझे' म्हणजे मी खात होतों, किंवा खात असें. ऐकतांना फरक जवळजवळ एका मात्रेचा, आणि शेवटचा एकार किंचित् उघडा, इतकाच. परंतु 'मी जेवत होतों, इतक्यांत पाहुणे आले' ह्या वाक्यांत जो भेद आपण सहज करितों, तोच हा भेद. 'राजा रोज शिकारीस जाई' ह्यांतील 'जाई' म्हणजेहि अँपार्फेच. साधा भूतकाळ म्हणून आणखी एक रूप आहे, पण त्याचें घर पुस्तकांत. रोजच्या संभाषणांत त्याला स्थान नाहीं.

आतां सर्वांत अवघड मानलेला भाग. संयुक्त भूतकाळ सहायक क्रियापद लावून होतो. जाणें, येणें, जन्मणें, मरणें अशा थोड्या क्रियापदांस 'असणें' या अर्थाचें 'एत्र' लागतें, आणि मग कृदंत कर्त्याप्रमाणें चालतें. 'इल ए मोर', तो मेला. 'एल ए मोर्त', ती मेली. हें 'मोर' आणि आपलें 'मृत' एकाच मुळाचीं. इतर बहुतेक क्रियापदांस 'जवळ असणें' या अर्थाचें 'आव्वार' लागतें. तेथें कर्म आधीं आलें असेल तर कृदंत कर्माचें लिंगवचन घेतें. पत्र या अर्थाचा 'लेत्र' हा शब्द आपल्या चिठ्ठीप्रमाणें स्त्रीलिंगी आहे. 'झे एक्री ला लेत्र' ह्यांत कर्म मागाहून आलें, म्हणून बदल नाहीं. परंतु 'ला लेत्र क झे एक्रीत', म्हणजे 'जी चिठ्ठी मीं लिहिली', ह्यांत शेवटीं 'त' ऐकूं येतो.

16व्या शतकांत क्लेमां मारो या कवीनें ह्या नियमाचा पुरस्कार केला. खुद्द फ्रेंच बोलणारांसहि तो जाचतो. 2018 सालीं बेल्जियममधील दोन माजी शिक्षकांनीं 'आव्वार'बरोबरचा हा बदल सोडूनच द्यावा अशी सूचना केली. आणि आपलें तीन वर्षांचें मूल 'मीं भाकरी खाल्ली, मीं केळें खाल्लें' असें बिनचूक बोलतें! कारण आपलें कर्म बहुधा आधींच येतें. लॅटिनमध्यें 'माझ्याजवळ लिहिलेलीं पत्रें आहेत' अशा घाटाच्या वाक्यापासून फ्रेंच रचना निघाली. आपली निघाली ती 'मया पत्रं लिखितम्' या घाटापासून. दोहींकडे कृदंत मूळचें कर्माचें विशेषण.

मात्र मराठीवर डोळे मिटून विसंबूं नये. 'तो झोपला' ह्यांत आपलें क्रियापद कर्त्यामागें जातें, तरी फ्रेंचमध्यें त्याला 'आव्वार'च लागतें. 'मीं तिला पाहिलें' ह्यांत 'ला' लागतांच आपलें क्रियापद नपुंसकलिंगी होतें. फ्रेंच लिहिणारास मात्र तेथें स्त्रीलिंगाची खूण ठेवावीच लागते. अशा जागा थोड्या आहेत. त्यांची वेगळी यादी वहींत करून ठेवावी.

फ्रेंच शिकणाऱ्या मुलांस माझी एवढीच सूचना आहे. रोज रात्रीं तीन वाक्यें लिहा : आज काय केलें, तें करीत असतां भोंवतीं काय चाललें होतें, आणि ह्या क्षणीं काय करीत आहां. तीं प्रथम मराठींत जुळवा, मग फ्रेंचमध्यें. नवी भाषा शिकतांना आईची भाषा विसरावी लागते, असें कोणी सांगितल्यास तें मानूं नका.