कॅमेरा बदलावा काय?



कामगार चळवळीतल्या माणसाने कॅमेऱ्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा प्रश्न आमच्याकडे कर्जाच्या वाटेने आला. लग्नांची छायाचित्रे काढणारा आपल्या सेलूचा एक तरुण विचारू लागला, "काका, फुलफ्रेम घेऊ का? हप्ते पडतील." आमचे शिक्षण जिनिंगच्या फाटकाशी झालेले, तेव्हा आम्ही हिशेबच मांडला.

हे 'फुल' म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा चौकोन, एवढेच. ऑस्कर बर्नॅक या जर्मन यंत्रज्ञाला दमा होता. काचांची जड पेटी त्याला वाहवेना. म्हणून त्याने सिनेमाची फिल्म आडवी चालवून लहानसा कॅमेरा बनवला. तो १९२५ साली लायका या नावाने विक्रीस आला. त्या काळी हे माप चिमुकले गणले जाई. आज त्यालाच पूर्ण म्हणतात, आणि बाकीच्यांना आपण उगाच अपुरे वाटू लागतो!

फायदा मात्र खोटा नाही. नेहमीच्या एपीएस-सी सेन्सरहून याचे क्षेत्रफळ सुमारे अडीच पट. छिद्र आणि वेळ तीच ठेवली तर एकूण प्रकाशही तितकाच अधिक. अंधारात दाणे कमी दिसतात.

अंधाराशी आमचीही गाठ पडली आहे. एका जिनिंगमध्ये फिरत्या पट्ट्याला जाळी नव्हती. एका बाईचा पदर अडकता अडकता राहिला. आम्ही संध्याकाळी एका दिव्याच्या उजेडात छायाचित्र काढले. साहेब म्हणाले, यात काहीच दिसत नाही. आम्ही चिडून वर्गणीतून फुलफ्रेम घेण्याचा ठराव आणला. खजिनदारांनी हिशेब मागितला, तेव्हा आकडे घेऊन बसावे लागले. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या भिंगाचे छिद्र लांबच्या टोकाला ५.६, पन्नास मिलिमीटरचे १.८ चे साधे भिंग त्याच्या नऊ पटींहून अधिक प्रकाश घेते, आणि किंमत फुलफ्रेमच्या मानाने किरकोळ. तेच घेतले. अरुंद शेडमध्ये भिंतीला पाठ टेकून उभे राहावे लागते, नेम जरा हुकला की चित्र धूसर होते. पण जाळी नसल्याचे स्वच्छ दिसले.

शिवाय फुलफ्रेमला भिंगेही त्याच मापाची लागतात. आपल्या मार्गावर मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले, तेव्हा नुसते रूळच बदलले नव्हते.

आता त्या तरुणाचे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, असा आग्रह सुरू झाला. त्या वर्षीचा संप सुमारे सहा महिने चालला. यंत्राशी वैर नव्हते, वाढीव कमाईत वाटा कोणाचा हा तंटा होता. इथे मालक तोच, मजूरही तोच. हप्ता त्याने भरायचा, आणि वधूपिता देणार जुनाच दर! आम्ही विचारले, "अंधारातले फोटो बिघडले म्हणून किती गिऱ्हाइके गेली?" बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "एकही नाही. पण फुलफ्रेम आहे का, असं लोक आधीच विचारतात."

हेही खोटे नाही. पोटाचा धंदा आहे; त्याला सरळ नाही म्हणणे आमच्या जिवावर आले. म्हणून एवढेच सांगितले, की दोन लग्नांपुरता भाड्याने आण, आणि दर मात्र आधी वाढवून सांग. पहिल्या लग्नाची बोलणी करायला तो उद्या सकाळी जाणार आहे.