कॉपरमाइन नदीचा नकाशा



नकाशा म्हटला की दुर्बीण, साखळी आणि गणित आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आज आम्ही ज्या नदीविषयी बोलणार आहोत, तिचा नकाशा प्रथम पावलांनी काढला गेला. कॅनडाच्या उत्तरेस खुरट्या झाडांचे रान संपून उघडा, निर्जन माळ लागतो. त्यातून वाहत कॉपरमाइन नदी उत्तर समुद्रास मिळते.

हडसन्स बे कंपनीचा सॅम्युएल हर्न तिच्या शोधात दोनदा निघाला आणि दोनदा परतला. दुसऱ्या खेपेस, १७७० साली, वाऱ्याने त्याचे कोनमापक पडून मोडले. तेव्हा मातोनाबी या देने पुढाऱ्याने त्यास रोखठोक सांगितले की, तुम्ही बायका बरोबर नेल्या नाहीत. मग ओझी वाहावीत कोणी आणि कपडे शिवावेत कोणी? मातोनाबीच्याच मार्गदर्शनाखाली हर्न जुलै १७७१ मध्ये नदीच्या मुखाशी पोचला. तेथे धुके होते, पाऊस भुरभुरत होता. अक्षांश न घेताच तो मागे फिरला. चाललेल्या मजलांच्या हिशेबाने त्याने मुख ७१ अंश ५४ कलांवर मांडले. १८२१ साली ब्रिटिश आरमाराच्या जॉन फ्रँकलिनने मोजले, तो अक्षांश भरला सुमारे ६७ अंश ४८ कला. म्हणजे चूक साडेचारशे किलोमीटरांची! यंत्राचे महत्त्व कोण नाकारील?

परंतु फ्रँकलिनला तरी वाट कोणी दाखविली? १८२० साली फोर्ट चिपेवायन येथे जमिनीवर कोळशाने नकाशा काढणे चालले होते. ब्लॅक मीट नावाच्या देने गृहस्थाने तो पाहताच ओळखला आणि समुद्रकाठची वाट त्यात भरून दिली. अकैचो या नायकाने शिकारी व वाटाडे पुरविले. परतीच्या वाटेवर वीसांपैकी अकरा जण दगावले. नकाशे काढणारा तरुण अधिकारी रॉबर्ट हूड त्यांतच गेला. उरलेल्यांना अकैचोच्या माणसांनी मांस आणून देऊन वाचविले.

अक्षांशाची चूक पन्नास वर्षांत दुरुस्त झाली. तेथील माणसांचे ऋण मान्य होण्यास मात्र फार काळ लागला. मुखाजवळच्या गावास नकाशात कॉपरमाइन म्हणत. १९९६ साली इन्युइट लोकांचे कुग्लुक्तुक, म्हणजे वाहत्या पाण्याची जागा, हे नाव अधिकृत झाले. जेथील नकाशा काढावयाचा, तेथील माणसास आधी विचारावे, एवढेच आमचे सांगणे आहे.