म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



धामणगाव बढे हे माझे माहेर. माहेरी भाषण करणे कठीण. समोर बसलेल्या निम्म्या जणींनी मला परकरात पाहिले आहे. आज सकाळीच गल्लीतल्या एका आत्याबाईंनी विचारले, “डॉक्टर झालीस ते बरं केलंस, पण म्हाताऱ्यांच्या डोक्याचीच डॉक्टर का गं झालीस?”

त्याचे उत्तर आमच्याच घरात आहे. आमची आजी कापसाचा सगळा हिशेब तोंडी ठेवी. पुढे एके दिवशी तिच्या पाटल्या दिसेनात. तिने थेट काकूचे नाव घेतले. घरात नव्हे, ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून! पाटल्या ज्वारीच्या कणगीत सापडल्या. आठ दिवसांनी पुन्हा तोच आरोप. काकूने अबोला धरला. पण दोन वर्षे तिला वेळेवर जेवू घातले, न्हाऊ घातले. लोक म्हणत, म्हातारचळ लागला. कोणी म्हणे, सुनेचेच काही असेल.

वैद्यकीच्या चौथ्या वर्षी मी ऑगस्ट डेटर ह्या जर्मन बाईंची हकीकत वाचली. 1901 साली, वयाच्या 51व्या वर्षी, त्यांना फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आणले. आजाराची पहिली खूण विसराळूपणा नव्हती. नवऱ्यावरचा संशय होता! 1906 साली त्या वारल्यावर डॉ. अल्झायमर यांनी त्यांचा मेंदू तपासला आणि त्यांच्याच नावाने तो आजार ओळखला जाऊ लागला. त्या रात्री मला काकू आठवली. मी हा विषय तिथेच धरला.

ह्या वाटेने येणारी मी एकटी नव्हे. केरळातील डॉ. जेकब रॉय यांच्या वडिलांना हाच आजार होता. 1992 साली त्यांनी अशा रुग्णांसाठी देशव्यापी संस्था काढली.

शिक्षण मात्र लांबलचक. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, मग मानसोपचाराची तीन, आणि वृद्धांच्या मनाचा खास अभ्यास करायचा तर आणखी तीन. तो लखनौस किंवा बंगळूरच्या निम्हान्समध्ये होतो. लग्नाची स्थळे थांबत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

इतके शिकायचे कशाला? कारण म्हातारपणी एकाच तक्रारीमागे दहा कारणे असतात. दोन दिवसांत एकाएकी बरळू लागलेल्या आजीला लघवीचा जंतुसंसर्ग असू शकतो. विसरणाऱ्या आजोबांना बी-12 कमी असेल, थायरॉइड बिघडले असेल, किंवा बायको गेल्यापासून मनच खचले असेल. ही कारणे बरी करता येतात. अल्झायमर मुळापासून बरा होत नाही, पण त्यातली भीती, संशय, रात्रीचे जागरण कमी करता येते. आणि खरी माहिती रुग्णाकडून नव्हे, सुनेकडून मिळते! मी आधी तिलाच खुर्ची देते.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. तेव्हा सासूने चोरीचा आळ घेतला, तर भांडणाआधी तिला डॉक्टरांकडे न्या. 14416 ह्या सरकारी क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो.

काकू आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. गेल्या दिवाळीत मी तिला हे सारे समजावले. ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, “तेव्हाच कोणी सांगितलं असतं, तर मी अबोला धरला नसता गं.”