अंबेच्या दाराशी
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



आपला वऱ्हाड म्हणजे रुक्मिणीमातेचे माहेर. वर्धेकाठचे कौंडण्यपूर आपल्या चांदूर रेल्वेपासून दूर नाही. लग्नाआधी ती अंबिकेच्या दर्शनाला गेली आणि तिथूनच श्रीकृष्णाने तिला रथात घेतले, असे भागवत सांगते. ते देऊळ आमचेच, असे अमरावतीकर म्हणतात आणि कौंडण्यपूरकरही म्हणतात. वाद गोड आहे, चालू द्या.

पण अमरावतीच्या त्याच अंबादेवीचे दार अस्पृश्य बांधवांना बंद होते. ते उघडावे म्हणून १९२७ साली चळवळ उभी राहिली. त्या नोव्हेंबरात अमरावतीस परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. आपले पंजाबराव देशमुख या चळवळीच्या पाठीशी उभे राहिले.

आज आपले देऊळ नवे झाले. वर्गणी प्रत्येक वस्तीतून आली. पावत्या मीच फाडल्या, म्हणून सांगतो. दोन-दोन रुपयेही आले, तेही मजुरीतले. नवरात्रातील आरतीच्या मानाची यादी मात्र जुनीच आहे, तीत वरच्या आळीचीच घरे. यंदा मान चिठ्ठ्या टाकून ठरवावा, अशी माझी समितीस विनंती आहे. वर्गणीच्या वहीतील सर्व नावांच्या चिठ्ठ्या मी लिहून आणल्या आहेत.