सरकी, शुक्राणू आणि राहून गेलेली तपासणी

कपाशीचे पान उजेडात धरून पाहिले की त्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. सरकी फोडली तर आतल्या गरातही तसेच ठिपके असतात. त्यांत गॉसिपॉल नावाचा पिवळा पदार्थ असतो. किडीपासून बचावासाठी कपाशीनेच केलेली ही सोय आहे. आपल्या अकोला-अमरावतीकडे सरकीचे तेल आणि ढेप कोणाला ठाऊक नाही? ढेपेच्या वायदे बाजारात तर अकोला हे केंद्र ठरवले गेले. पण याच सरकीने पुरुषाच्या वंध्यत्वाविषयी जगाला काय दाखवले, ते आपल्या गावांत फारसे कोणी सांगत नाही.

ती गोष्ट चीनमधली आहे. तिथल्या काही खेड्यांत लोक कच्चे, शुद्ध न केलेले सरकीचे तेल खात. त्या गावांत वर्षानुवर्षे पाळणे हलले नाहीत. १९५७ मध्ये एका चिनी डॉक्टरने त्याचा संबंध तेलाशी जोडला. पुढे १९७२ पासून गॉसिपॉलच्या गोळ्या पुरुषांना गर्भनिरोधक म्हणून देऊन पाहिल्या गेल्या. आठ हजारांहून अधिक पुरुषांवर प्रयोग झाले आणि गोळी लागूही पडली. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम घसरून हातपाय लुळे पडू लागले, आणि गोळी बंद केल्यावरही अनेकांची प्रजननक्षमता परत आली नाही. १९८६ मध्ये चीनने हे काम थांबवले. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हा मार्ग सोडून द्यावा असे सांगितले.

लगेच कोणी घरातला तेलाचा डबा ओतून देऊ नये. शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलातून गॉसिपॉल निघून जाते. गाई-म्हशींच्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होते, म्हणून दुभत्या जनावराला ढेप चालते. पैदाशीच्या वळूला मात्र ती बेताने द्यावी, कारण त्याच्या शुक्राणूंच्या मधल्या भागाला इजा होते.

मग गॉसिपॉल नेमके करते काय? शुक्राणूला धावायला ताकद लागते, आणि ती पुरवणाऱ्या प्रथिनांपैकी एक आहे एलडीएच-सी४. हे १९६३ मध्ये सापडले. ते मुख्यतः वृषणात आणि शुक्राणूतच असते. उंदरांतून त्याचे जनुक काढले, तेव्हा नर जवळजवळ वंध्य झाले. गॉसिपॉल या प्रथिनाला अडवते, पण तिथेच थांबत नाही. शरीरातल्या इतर पेशींच्या प्रथिनांवरही ते हात मारते. चिनी गोळीचे घोडे इथेच अडले. म्हणून आता शास्त्रज्ञ अशी प्रथिने शोधतात, जी शुक्राणूत आहेत आणि इतरत्र जवळपास नाहीत. तशी प्रथिने औषधाला नेमका नेम देतात, आणि कुठे बिघडले आहे हेही सांगू शकतात.

हा दुसरा उपयोग आपल्या घराघराशी अधिक निगडित आहे. लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि लेकरू झाले नाही, की बोट सुनेकडे जाते. देवीला नवस बोलले जातात, उपास होतात, तिच्या तपासण्यांची फाइल जाड होत जाते, दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू होते. नवऱ्याची एक साधी तपासणीसुद्धा झालेली नसते. वास्तविक मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाचेही कारण असते, कधी एकट्याचे, कधी दोघांचे. हे कळायला पुरुषाला लाज वाटते, आणि त्या लाजेची किंमत बाई भरते.

वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा दिली आहे. ती पास-नापासाची रेघ नव्हे. तिच्या खाली असलेल्यांनाही मुले होतात आणि वर असलेल्यांना कधी होत नाहीत. कारण मोजणीत प्रथिने दिसत नाहीत. २००२ मध्ये इंग्लंडशेजारच्या वेल्समधील कार्डिफच्या संशोधकांनी पीएलसी-झीटा हे प्रथिन ओळखले. शुक्राणू बीजात शिरल्यावर बीजाला जागे करण्याचे काम ते करते. ते सदोष असेल, तर शुक्राणू सुईने बीजात सोडूनही गर्भ धरत नाही.

कधी वीर्यात एकही शुक्राणू नसतो. मग प्रश्न पडतो: जिनिंगच बंद आहे, की माल तयार होऊन फाटक बंद आहे? आजवर हे ठरवायला बऱ्याचदा वृषणाचा तुकडा काढावा लागे. २०१३ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी वीर्यद्रवातली दोन प्रथिने पुढे आणली. ईसीएम१ हे वृषणाबाहेरच्या नळीत तयार होते, ते वीर्यात असेल तर वाट मोकळी आहे. टेक्स१०१ वृषणातल्या बीजपेशींतून येते, ते असेल तर कारखान्यात काही ना काही चालू आहे. ही तपासणी अजून गावोगावच्या लॅबमध्ये नाही, पण दिशा ही आहे.

औषधाच्या बाजूला एक गंमत. शुक्राणू आणि बीज यांची गाठ घालणारे प्रथिन २००५ मध्ये जपानमध्ये सापडले. लग्नगाठींसाठी प्रसिद्ध अशा तिथल्या देवस्थानावरून त्याला इझुमो नाव दिले. शोध अमरावतीत लागला असता, तर अंबादेवीच्या देवळातून हरण झालेल्या रुक्मिणीचे नाव मिळाले असते! २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी नर उंदरांना एकच मात्रा देऊन शुक्राणू तासाभरात थांबवले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. माणसासाठी अशी मान्यताप्राप्त गोळी मात्र नाही. त्यामुळे बसस्टँडच्या भिंतींवर हमखास इलाजाची हाक देणाऱ्यांपासून दूर राहावे.

तपासणीला जाताना दोन ते सात दिवसांचा संयम लागतो. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा. अहवाल कमी आला तर पुन्हा करावा. मोठा ताप येऊन गेला असेल, तर तीन महिने थांबून, कारण नवे शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात.