उद्योगसंस्थांतील नेतृत्व व मुख्याध्यापक
(परतूर येथील मुख्याध्यापकांच्या बैठकीत शिक्षण विस्तार अधिकारी ह्यांनी केलेले भाषण)



कारखानदारीतील नेतृत्वाचा विचार प्राथमिक शिक्षकांपुढे कशासाठी, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु ह्या शास्त्रातील एक गाजलेला प्रयोग मुलांवरच झालेला आहे. हिटलरच्या उदयानंतर जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन ह्यांनी १९३८-३९ च्या सुमारास लिपिट व व्हाइट ह्या सहकाऱ्यांसह दहा वर्षांच्या मुलांची लहान लहान मंडळे केली व त्यांना मुखवटे करण्यासारखी कामे दिली. काही मंडळांचा प्रमुख नुसते हुकूम सोडी, काहींचा मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी, तर काहींचा मुलांना मोकळे सोडून स्वस्थ बसे. स्वस्थ बसणाऱ्याच्या मंडळात काम सर्वांत कमी झाले, ह्यात नवल नाही. कामाच्या मापात हुकमी मंडळे मुळीच मागे नव्हती. मात्र प्रमुख खोलीबाहेर गेला की त्यांचे हात थांबत, आणि विचारविनिमयाच्या मंडळातील मुले आपले काम पुढे चालू ठेवीत.

१९६० साली डग्लस मॅक्ग्रेगर ह्यांनी ह्याच गोष्टीचे मूळ शोधले. माणूस स्वभावतः कामचुकार आहे, असे धरून चालणारा व्यवस्थापक पहारा वाढवितो. माणसास जबाबदारी हवी असते, असे मानणारा ती सोपवितो.

आपल्याकडे हे पुस्तकी तत्त्व निघण्यापूर्वीच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आचरून दाखविले होते. ते मूळचे शिक्षक. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ दिलेल्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथे शिक्षण अर्धवट सोडलेला माणूसही यंत्रज्ञ झाला. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांवर तर त्यांनी वसाहतीची राखणच सोपविली! ह्यास कोणी भाबडेपणा म्हणेल. मला ती शिक्षकाची नजर वाटते. नापास हा शेरा तिने अखेरचा मानला नाही.

ह्याचा अर्थ हुकूम सर्वथा त्याज्य, असा मात्र नव्हे. ओतशाळेत लोखंडाचा तापलेला रस साच्यात ओतला जात असता कोणी सर्वांची मते घेत बसत नाही. शाळेला आग लागली तर मुख्याध्यापकाने सभा भरवू नये, हे काय सांगावयास हवे?

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बद्रीनारायण बारवाले ह्यांनी १९६४ साली जालन्यास महिको ही बियाण्यांची संस्था काढली. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनाचे काम आपणांपैकी शेतकरी घरांतील मंडळींनी पाहिलेच असेल. सायंकाळी मादी वाणाच्या एकेका कळीतील पुंकेसर हाताने काढावयाचे व दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलावर नर वाणाचे पराग लावावयाचे. कळ्या हजारो, आणि शेते गावोगावी विखुरलेली. प्रत्येक कळीपाशी मुकादम कोठून आणावा? कळी का खुडावयाची, हे ज्या बाईस समजले आहे तिचेच काम बिनचूक होते. हुकमाने फार तर हजेरी भरेल.

शाळेची गोष्ट ह्याहून वेगळी नाही. तपासणीच्या दिवशी फळा लख्ख, परिपाठ वेळेवर, वाचनकोपऱ्यातील पुस्तके ओळीने. आणि आठवड्याने अवचित गेले असता तीच पुस्तके कपाटात कुलूपबंद, अशा शाळा मी पाहिल्या आहेत. तेथील मुख्याध्यापक कष्टाळू नसतात असे नाही. पुष्कळदा तेच सर्वांत अधिक राबतात. किल्ली, नोंदवही, निर्णय, सारे त्यांच्याच खिशात असते. ते एक दिवस रजेवर गेले की त्या दिवशी ग्रंथालय मुलांना बंद! दोन शिक्षकी शाळेत तर ही हानी निम्म्या शाळेची होय. आणि ह्या हानीचा भाग आम्हां तपासणाऱ्यांकडेही येतो. कारण आम्ही बहुधा दप्तर पाहतो, किल्ली कोणाकडे आहे हे विचारीत नाही.

येत्या शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक मुख्याध्यापकाने एका कागदावर, आपण रजेवर असतानाही शाळेत न चुकता चालणारी कामे लिहून आणावीत, आणि प्रत्येकापुढे ते काम सांभाळणाऱ्या शिक्षकाचे किंवा विद्यार्थ्याचे नाव घालावे. कागद कोरा राहिला तरी आणावा, त्यावरच बोलू.