वाळवंट पायी पाहावे



वाळवंट म्हटले की आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते चंद्रभागेचे. तेथे वाळू आहे, पण शेजारी पाणी आहे आणि दूरदूरच्या गावांहून पायी आलेली माणसे आहेत. आज मी बोलणार आहे ते दुसरे वाळवंट, राजस्थानातील थरचे. तेथे शेजारी पाणी नाही. मात्र ते पाहण्याची खरी रीत वारकऱ्याचीच, पायी जाण्याची.

पुष्कळ मंडळी जैसलमेरला जातात. सम गावाजवळच्या टेकड्यांवर तिन्हीसांजेला उंटावर बसतात, सूर्यास्त पाहतात, छायाचित्रे काढतात आणि तंबूत परततात. त्यांना मी नावे ठेवीत नाही. पण त्यांनी पाहिला तो वाळवंटाचा एक कोपरा. थरमध्ये कोठे दगडी माळ आहे, कोठे खुरट्या झुडपांचे रान, कोठे बाजरीचे शेत. मोटारीतून हे सारे एकसारखेच पिवळे दिसते. पायी निघालात म्हणजे तासाभरातच त्यातला भेद पायांना कळतो.

वाळूच्या टेकडीचेच पाहा. वारा येतो ती तिची बाजू लांबट आणि घट्ट असते. पलीकडची बाजू उभी आणि भुसभुशीत. जाणता माणूस घट्ट बाजूने चढतो आणि धारेवरून चालतो. नवखा समोरून सरळ चढू पाहतो, आणि दोन पावले वर तर एक पाऊल खाली, अशी त्याची गत होते. मऊ वाळूत चालण्यास सडकेपेक्षा दुपटीहून अधिक शक्ती लागते, हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलेले आहे. म्हणून तेथे अंतर मैलांत मोजू नये, तासांत मोजावे. चालणे पहाटे व उतरत्या उन्हात. दुपार सावलीत काढावी. आणखी एक गोष्ट फसवी असते. हवा इतकी कोरडी की घाम येताक्षणी उडून जातो, अंग कोरडेच राहते, आणि आपल्याला घाम आलाच नाही असे वाटते. तहान लागेपर्यंत थांबणाऱ्याने तेथे उशीरच केलेला असतो.

पाण्याच्या हिशेबात चूक झाली म्हणजे काय होते, हे स्वेन हेडिन या स्वीडिश प्रवाशाच्या हकिगतीत दिसते. 1895 साली तो मध्य आशियातील तकलामकान वाळवंट ओलांडण्यास निघाला. दहा दिवसांचे पाणी भरा, असे त्याने सांगितले होते. नोकरांनी भरले त्याहून पुष्कळ कमी. ही गोष्ट वाळवंटाच्या मध्यावर उघड झाली. बरोबरची दोन माणसे दगावली. हेडिन स्वतः शेवटी रांगत खोतान नदीच्या पात्रात पोचला, एका डबक्यावर पाणी प्याला, आणि मागे पडलेल्या सोबत्यासाठी आपल्या बुटांत पाणी भरून घेऊन गेला. या साहसाची वाहवा पुष्कळ झाली. मला मात्र त्यात पराक्रमापेक्षा न तपासलेल्या पखाली अधिक दिसतात.

थरच्या माणसांकडून शिकण्यासारखे आहे ते हेच. जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस 200 मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. तरी हा प्रदेश जगातील सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत गणला जातो. हे कसे? ते लोक पाणी तीन प्रकारचे मानतात. आभाळातून पडून तळ्यात साठते ते पालर. खोल विहिरीतले, बहुधा खारट, ते पाताळपाणी. आणि या दोहोंच्या मधले रेजाणी. काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा एक थर असतो. पावसाचे पाणी झिरपून त्यावर अडते, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. त्या थरापर्यंतच एक अरुंद विहीर खणतात. तिला कुंई किंवा बेरी म्हणतात. तिच्यात ओलावा थेंबाथेंबाने उतरतो. दिवसाला दोनचार घागरी, पण गोड्या पाण्याच्या. हाच थर 2006 च्या ऑगस्टमध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास गावास भोवला. अतिवृष्टीचे पाणी जमिनीत मुरेना, आणि वाळवंटातले ते गाव कित्येक महिने पाण्यात राहिले.

पालीवाल ब्राह्मणांची खडीन तशीच. दगडी उतारावरचे पाणी सखल जागी मातीच्या बांधाने अडवायचे, मुरू द्यायचे, आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. त्यांचे कुलधरा गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. लोक तेथे भुतांच्या गोष्टी ऐकावयास जातात आणि बांध न पाहता परत येतात!

श्रोतेहो, आपल्या लातूरला वर्षाला सरासरी 700-800 मिलिमीटर पाऊस पडतो, जैसलमेरच्या तिप्पट-चौपट. आणि 2016 च्या एप्रिलमध्ये त्याच लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर आले. ती गाडी ज्यांनी पाहिली त्यांच्यापैकी दहा जणांनी तरी एकदा बेरीच्या काठी बसून घागर भरेपर्यंतचा वेळ मोजावा, असे मला फार वाटते.

तेथे आपल्या ओळखीचीही मंडळी भेटतात. ज्या खेजडीच्या सावलीत दुपार काढावयाची ती आपली शमी. तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी बाजरीच्या भाकरीशी खावी. ही झाडे वाचविण्यासाठी 1730 साली खेजडली गावी 363 बिष्णोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. गोडावण पक्षी दैव असेल तर दिसतो. तोच आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केले, तरी तेथे तो आता दिसेनासा झाल्यासारखाच आहे.

ज्या तरुणांना जावेसे वाटेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. रात्री थंडी कडक पडते, तेव्हा घोंगडी हवी. वाटाड्या त्याच गावचा घ्यावा आणि सरहद्दीच्या पट्ट्यात परवानगीवाचून पाऊल टाकू नये. दरडोई दिवसाला पाचसहा लिटर पाणी धरावे, आणि ते स्वतः मोजून घ्यावे. त्याआधी डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी येथूनच पैनगंगेच्या काठाने सहस्रकुंडाच्या वाटेला लागावे. किती चाललो आणि किती पाणी प्यालो, हे संध्याकाळी वहीत लिहून ठेवावे.